नोकरी सांभाळून जोडधंदा : आधी तास मोजा, मग रुपये

जोडधंद्याचा विचार करताना बहुतेक जण उद्दिष्ट रुपयांत ठरवतात. ‘महिन्याला ८,००० रुपये सुटले पाहिजेत.’ ते ठरवावेच, पण नोकरी सांभाळून धंदा करणाऱ्याकडे पैशाइतकाच वेळही मोजका असतो. त्यामुळे रुपयांचे उद्दिष्ट तासांत बसते का, हे आधी पाहावे लागते.

भाजणीच्या चकलीचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावातले दर घालून हेच गणित करा.

गणित कसे करायचे?

चकली ५०० रुपये किलोने विकली. भाजणी, तेल, गॅस आणि पॅकिंगचा खर्च ३०० रुपये. किलोमागे उरले २०० रुपये. म्हणजे ८,००० रुपयांसाठी महिन्याला ४० किलो चकली विकायला हवी.

आता वेळ. पीठ मळणे, चकल्या पाडणे, तळणे, निवल्यावर भरणे आणि घरपोच देणे, असा किलोमागे एक तास धरू. शनिवार-रविवार मिळून ६ तास मोकळे असतील, तर चार आठवड्यांत २४ तास, २४ किलो आणि ४,८०० रुपये. म्हणजे ८,००० चे उद्दिष्ट या वेळेत बसत नाही.

मग काय करावे?

मार्ग तीन आहेत:

१. भाव वाढवणे. २४ किलोतच ८,००० हवे असतील, तर भाव साधारण ६३५ रुपये लागेल. तो ग्राहक देईल का, हे थोड्या मालावर आधी अजमावा.

२. वेळ वाचवणे. ग्राहक स्वतः येऊन माल नेऊ लागले आणि किलोमागे पाऊण तास लागू लागला, तर ३२ किलो आणि ६,४०० रुपये होतात.

३. सुरुवातीला ४,८०० रुपयांचेच उद्दिष्ट ठेवणे.

यात घरातल्यांचे तासही धरा. आई किंवा सासूबाई रोज दोन तास चकल्या पाडत असतील, तर नफा दिसतो तो त्यांच्या न मोजलेल्या कष्टांचा.

सुरुवातीचा खर्च आणि सणाची गर्दी

वजनकाटा, पिशव्या बंद करायचे यंत्र आणि मोठी कढई यांना ६,००० रुपये लागले, तर ते ३० किलो विक्रीनंतर वसूल होतील. आठवड्याला ६ किलोप्रमाणे पहिले पाच आठवडे हातात काही उरणार नाही. तेवढी तयारी ठेवा आणि त्यासाठी कर्ज काढू नका.

दिवाळीत मागणी वाढते, तास वाढत नाहीत. भाजणी आधी दळून ठेवता येते, पण चकली फार आधी केली तर मऊ पडते. म्हणून ऑर्डरचा आकडा आधीच ठरवा आणि तो भरला की नम्रपणे नाही म्हणा. उशिरा आलेल्या फराळामुळे ग्राहक तुटतो, आणि रात्रभर जागून तळले की सकाळी नोकरीवर परिणाम होतो.

कागदपत्रे

खाद्यपदार्थ घरी करून विकायचे असले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाला मनाई आहे का, तेही वाचा. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात, त्यामुळे त्यांनी कार्यालयात विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. पगाराबरोबर या धंद्याचे उत्पन्नही आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते.

तीन महिन्यांनी हिशेब

वहीत दर आठवड्याला तीन आकडे लिहा: किती किलो विकले, किती तास लागले आणि खर्च जाऊन किती रोख उरले. उधारी वसूल होईपर्यंत ती कमाईत धरू नका.

उरलेल्या रकमेला तासांनी भागले की तासाची खरी कमाई कळते. ती किमान किती हवी, हे सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन महिन्यांनी त्याहून कमी भरली, तर भाव, पदार्थ किंवा पद्धत बदला. तरीही जमले नाही, तर धंदा थांबवा. पगार चालू असेपर्यंत असा निर्णय घेणे सोपे असते.