सांध्यात दडलेली आग

प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागते. शिट्टी होत नाही, डाळ कच्ची राहते. गृहिणी बाजारातून नवी रिंग आणते आणि प्रश्न मिटतो. अग्निबाणाच्या सांध्यातही अशाच रबरी रिंगा असतात. मात्र तिथे कडेने निसटू पाहतो तो सुमारे ३००० अंश सेल्सिअस तापलेला वायू. त्यापुढे पोलादही वितळते.

धगधगता वायू नळीत कोंडायचा आणि एकाच तोंडाने बाहेर सोडायचा, हे अग्निबाणाचे मूळ तत्त्व. अठराव्या शतकात म्हैसूर-नंजनगूडच्या मुलखावर राज्य करणाऱ्या हैदरअली व टिपू सुलतान यांच्या बाणांची नळी लोखंडी होती. तिच्यात जास्त दाब टिके, म्हणून बाण दूर जाई. ती नळी जेमतेम वीतभर. आजचे घन इंधनाचे बूस्टर वीस मीटर आणि त्याहून लांब असतात. ते तुकड्यांत बनवून जोडावे लागतात आणि खरी काळजी असते ती या जोडांची.

थंडीने केला घात

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून तप्त वायू निसटला होता. तिथे सुमारे सात मिलिमीटर जाडीच्या दोन रिंगा होत्या. इंधन पेटताच दाबाने कवच फुगते, सांधा किंचित उघडतो. ती फट रिंगेने क्षणार्धात भरून काढायची असते. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. कडक झालेल्या रबराला ते जमले नाही.

याची सूचना आधीच मिळाली होती. पूर्वीच्या उड्डाणांनंतर परत आणलेल्या बूस्टरांत रिंगा झिजलेल्या आढळल्या होत्या, काहींच्या मागे काजळी होती. उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी विरोधही केला. पण ‘आजवर काही बिघडले नाही’ या समजुतीने तो मागे पडला.

मुद्दाम ठेवलेला दोष

मग सांधा नव्याने आखला गेला. तिसरी रिंग आली, सांधा उघडू न देणारी धातूची कड आली, ऊब देणारे हीटर आले. ऑगस्ट १९८८ मध्ये पूर्ण आकाराचा बूस्टर जमिनीवर आडवा ठेवून पेटवला. त्यात मुद्दाम दोष ठेवले होते, जेणेकरून वायू रिंगांपर्यंत पोहोचावा. तरीही सांधा टिकला. पुढच्याच महिन्यात शटल पुन्हा उडाले.

भारतातही हीच कसोटी लावली जाते. आपल्या ‘एस २००’ बूस्टरचे कवच मॅरेजिंग पोलादाचे असते. त्याचे काही भाग पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात. १४ जुलै २०२३ रोजी असे दोन बूस्टर ‘चांद्रयान-३’ घेऊन झेपावले. गगनयानाच्या अंतराळवीरांसाठी याच बूस्टरची सुधारित आवृत्ती तयार झाली. १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथे ती १३५ सेकंद पेटवून सुमारे ७०० नोंदी तपासण्यात आल्या.

आग ओकणारा बूस्टर पाहून टाळ्या वाजतात. पण इंजिनिअरांचे काम त्यानंतर सुरू होते. एखादी रिंग जराशी जरी करपली असेल, तरी यश साजरे करण्याआधी त्याचे कारण शोधायचे, हा ‘चॅलेंजर’च्या सात जणांनी प्राण देऊन शिकवलेला धडा आहे.