पाळणा घरी करताय? आधी सहा सेंटिमीटरचा ठोकळा करा

लेकीला सातवा महिना लागला, की काही आजोबांचे हात शिवशिवू लागतात. निवृत्तीनंतर सुतारकामाची गोडी लागलेली मंडळी हल्ली बरीच दिसतात आणि 'नातवंडाचा पाळणा मीच करणार' हा हट्टही. हट्ट चांगलाच आहे. रक्तदाब तपासायला येणाऱ्या एका गृहस्थांनी मला केसपेपरच्या मागे काढलेला आराखडा दाखवला. सागवान घेऊ की शिसम, हा त्यांचा प्रश्न. मी विचारले, "काका, दोन दांड्यांमध्ये अंतर किती?"

"असेल चार बोटं."

चार बोटे म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. तान्ह्या बाळाचे डोके धडापेक्षा मोठे असते. फट रुंद असली तर पाय, मग कमर, मग छाती तिच्यातून सरकते आणि डोके अडकते. बाळ गळ्यावर लोंबकळते. त्याला रडताही येत नाही. म्हणूनच अमेरिकेत बाळाच्या खाटेच्या दांड्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवायला बंदी आहे. नवशिक्याने लाकडाचा पहिला तुकडा कापावा तो सहा सेंटिमीटर जाडीचा ठोकळा म्हणून. पाळण्याच्या कोणत्याही फटीतून तो आरपार गेला, तर ती दांडी काढून पुन्हा बसवायची. हाताने दांड्या थोड्या फाकवूनही पाहा, कारण सैल दांडी वाकते.

दुसरी गोष्ट समतोलाची. पाळणा झोका थांबल्यावर सपाट राहिला पाहिजे. एका बाजूला कललेल्या पाळण्यात बाळ उताराकडे घरंगळते, नाक-तोंड कडेला दाबले जाते आणि मान वळवण्याची ताकद अजून आलेली नसते. टांगता पाळणा असेल तर चारही दोऱ्या किंवा साखळ्या गुण्या लावून, मोजून समान करा. नंतर गव्हाचे पोते एका कडेला ठेवून हलवा, रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी प्रत्येक सांधा तपासा. नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवू नका. सततच्या झोक्याने खिळे हळूहळू वर येतात. खाच पाडून सांधा घ्यावा किंवा नटबोल्ट वापरावेत.

रंगाबद्दल मात्र मी जरा कडक बोलतो. माळ्यावरचा पणजोबांच्या काळातला पाळणा खाली काढून पॉलिश पेपरने घासायचा मोह अनेकांना होतो. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घासल्यावर त्याची धूळ घरभर पसरते आणि गर्भवती लेक त्याच घरात श्वास घेत असते. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे शिशाचे ९० भागच चालतील, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधी रंगवलेले लाकूड घासू नका. नव्या लाकडाला रंगाची गरजच काय? चपडा लाखेचे पॉलिश पुरते, फक्त ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत थांबावे. दात येताना बाळ कडा चावतेच. घासताना आजोबांनीही मास्क लावावा. लाकडाची बारीक धूळ नाकाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे सिद्ध झालेले आहे.

आत काय घालायचे, यावर घरात वाद होतो. आजीला मोहरीची उशी हवी असते, आत्याने दुपटी शिवलेली असतात. गादी पातळ, घट्ट आणि कडेला दोन बोटेसुद्धा शिरणार नाहीत अशी हवी. उशी नको, कडेला लोड नकोत आणि बाळाला पाठीवरच झोपवायचे. चिमणाळे टांगा, पण दोरी बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच. गळ्यातला काळा दोरा झोपवताना काढून ठेवा.

आणि या सगळ्या मेहनतीचे आयुष्य चार-पाच महिन्यांचे. बाळ पालथे पडू लागले किंवा हातांवर उठू लागले, की त्याच दिवशी पाळणा बंद. काकांना हे सांगितल्यावर ते क्षणभर हिरमुसले; मग म्हणाले, दोऱ्या काढून खाली चाके लावली, तर खेळणी ठेवायला होईल की!