संवादातले नाव

जयंती जवळ आली की विहारात मुलांच्या तालमी सुरू होतात. यंदा पाठ केलेल्या नाटुकल्याऐवजी भूमिकाखेळ घेऊन पाहावा, असे आम्ही सुचवतो. प्रसंग आणि सुरुवातीचे चार संवाद आपण लिहून द्यायचे, पुढे काय करायचे ते मुलांनी ठरवायचे. लिहिणाऱ्याची कसोटी लागते ती पात्रांच्या नावांपाशी.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) संवादरूपात लिहिली. विचारणारा धोंडीराव, सांगणारा जोतीराव. गावात ज्यांना 'धोंड्या' एवढीच हाक पडे त्या काळात शंका विचारणाऱ्यालाही 'राव' लावून छापले, ही साधी गोष्ट नव्हे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात तर राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांचे बोलणे नावापासूनच निघते.

समजा, महाडचा प्रसंग घेतला. २० मार्च १९२७, चवदार तळे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले होते. पण ते कागदावर. परिषदेला आलेली मंडळी पाणी प्यायली, मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरून धरले. उलट हात उचलायचा की नाही, हे मुलांना त्या जागी उभे राहून ठरवू द्यावे.

खेळणाऱ्याचे स्वतःचे नाव यावे म्हणून संवादात जागा रिकामी सोडतात. मोबाइलवरच्या खेळातही तसेच असते. पण मराठीत ही जागा दगा देते. 'तू कधी आलास' हे राहुलला चालेल, सुजाताला 'आलीस' लागेल. 'अरे', 'अगं'चेही तेच. म्हणून रिकामी जागा वाक्याच्या आरंभी हाकेसाठी ठेवावी आणि पुढे आज्ञा लिहावी : '–––, तू पुढे हो.' हे मुलगा-मुलगी दोघांनाही चालते.

आता अवघड भाग. त्या काळची हलकी हाक विरोधी पात्राच्या तोंडी घालावी का? आमच्या मते घालावी, नाहीतर आजोबा-पणजोबांनी काय ऐकून घेतले ते मुलांना कळायचे नाही. मात्र ती कल्पित पात्रालाच, रिकाम्या जागेला कधीही नाही. आठ वर्षांच्या मुलीचे खरे नाव भर सभेत तसे मोडले, तर खेळ संपल्यावरही पोरे तिला त्याच नावाने चिडवतील. हाक मारणाऱ्या पात्रालाही आडनाव देऊ नये, 'दुकानदार' पुरे. तेच आडनाव शेजारच्या चाळीत असते.

बाबासाहेबांच्या तोंडी मनचे वाक्य घालू नये. त्यांची भाषणे छापलेली आहेत, त्यांतले दोन परिच्छेद मोठ्या मुलाने वाचावेत.

कल्पित पात्रांची नावे त्या काळची हवीत. सिद्धार्थ, यशोधरा ही नावे आपल्या घराघरांत रुळली ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. १९२७ साठी सखाराम, भागू, रखमा, तुकाराम अशी घ्यावीत. आणखी बरे म्हणजे मुलांना घरी पाठवावे आणि पणजोबा-पणजीचे नाव विचारून आणायला सांगावे. पुष्कळ घरांत ते फक्त आजीला ठाऊक असते.