मच्छीमार सहकार आणि खलाशी

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्था सभासदांना डिझेल व बर्फ पुरवितात आणि मासळीच्या विक्रीस साहाय्य करतात. परंतु यांत्रिक नौका आल्यापासून अनेक ठिकाणी सभासद हा नौकामालक आणि राबणारा खलाशी संस्थेबाहेरचा, अशी विभागणी झाली आहे. त्यामुळे कामगार संघटनेने मागणी मांडली, तर मालक संस्था नसून सभासद आहे, असे उत्तर मिळू शकते.

वाट्याच्या पद्धतीत डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेची वाटणी होते. खर्चाच्या नोंदी संस्थेच्या दप्तरी असतात. खलाशाशी झालेला करार मात्र बहुधा तोंडीच असतो. वादाचे मूळ येथेच आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ मधील १८८ क्रमांकाच्या मासेमारीविषयक करारात लेखी करारपत्र व पुरेशी विश्रांती यांवर भर आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात नौका किनाऱ्यावर असतात. संस्था, मालक व संघटना यांनी त्याच वेळी एकत्र बसून लेखी करार व वाट्याचा हिशेब निश्चित करावा. दप्तर खलाशासही पाहता आले, तरच सहकार सर्वांचा ठरेल.