पिस्तुलाचे मॅगझिन: स्वच्छता आणि शिकल

'मॅगझिन' या शब्दाचे मूळ अरबी 'मख्झन' म्हणजे कोठार या शब्दात आहे, आणि मराठीत रुळलेला 'खजिना' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. युरोपात दारूगोळ्याच्या कोठाराला हे नाव पडले, १७३१ मध्ये लंडनहून 'जंटलमन्स मॅगझिन' निघाले तेव्हा ते नियतकालिकालाही लागले, आणि काडतुसांचा साठा शस्त्राच्या पोटातच ठेवण्याची सोय झाली तेव्हा त्या साठ्याच्या पेटीलाही तेच चिकटले. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवली जाणारी ही चपटी पेटी बहुधा पोलादी पत्र्याची असते. तिच्या आत एक लांब स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना पेलणारी 'फॉलोअर' नावाची छोटी पट्टी, बुडाशी काढता येणारी तळपट्टी आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा, एवढाच तिचा संसार असतो. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे एकावर एक बसतात, तर १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये ती आलटून-पालटून दोन रांगांत रचली जात असल्याने तेरा मावतात. याच हाय-पॉवरच्या धर्तीवर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्यासाठी ९ मिलिमीटरचे पिस्तूल तयार झाले.

पिस्तूल झाडले की त्याचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाऊन रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलत नळीच्या मुळाशी असलेल्या खोबणीत, चेंबरमध्ये, नेऊन बसवतो. ही सगळी ये-जा सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात उरकते आणि तेवढ्याच अवधीत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणलेले असावे लागते. त्यामुळे पेटीच्या आतल्या भिंतीवर काजळी, मेण किंवा धुळीने घट्ट झालेले तेल साचले असेल, तर काडतूस किंचित उशिरा किंवा किंचित तिरके वर येते आणि शस्त्र अडकते. तोंडाशी वळवलेल्या ज्या दोन कडांना कारागीर 'लिप्स' म्हणतात, त्या काडतूस किती उंचीवर आणि कोणत्या कोनात थांबावे हे ठरवतात. म्हणूनच या कडांवरची घाण पुसणे आवश्यक असले, तरी त्यांना कानस किंवा घासकागद लावणे हे मॅगझिन बिघडवण्याचे खात्रीचे साधन ठरते.

नेमबाजीच्या खेळात या गोष्टीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. जकार्ता-पालेम्बांग येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या प्रकाराच्या उत्तरार्धात लक्ष्य दर वेळी केवळ तीन सेकंद समोर येते आणि तेवढ्यात एक गोळी झाडायची असते. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात तर पाच गोळ्यांची मालिका आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत पुरी करावी लागते. यासाठी वापरले जाणारे पॉइंट २२ चे काडतूस स्वभावतःच मळकट असते, कारण त्याच्या उघड्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा वंगणाचा लेप असतो, आणि तो लेप, शिशाचे कण व जळालेल्या दारूची काजळी मिळून मॅगझिनच्या आत चिकट थर बसतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार प्रत्येक बिघाडाला सवलत मिळत नाही. ज्या बिघाडाचे कारण खेळाडूला स्वतः दूर करता येण्याजोगे होते, तो अग्राह्य धरला जातो आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. वर्षानुवर्षांच्या सरावावर एका अस्वच्छ पेटीने पाणी पडावे, ही खरोखर हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

स्वच्छतेची कृती साधी असली तरी तिच्या आधीची एक खबरदारी अटळ आहे: मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे, कारण एक काडतूस चेंबरमध्ये आधीच जाऊन बसलेले असू शकते. म्हणून प्रथम मॅगझिन बाहेर काढणे, नंतर स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणे, हा क्रम कधीही मोडू नये. रिकाम्या मॅगझिनची तळपट्टी खटका दाबून सरकवताना स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरावी लागते, अन्यथा ती थेट चेहऱ्याकडे उसळते. डोळ्यांना चष्मा हवा तो यासाठी. स्प्रिंगचे कोणते टोक वर आणि कोणत्या दिशेला होते हे ध्यानात ठेवावे, कारण उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअरला तिरके करते. मऊ पडलेली स्प्रिंग हाताने ताणून 'कडक' करण्याचा प्रयत्नही व्यर्थ असून ती बदलणे हाच उपाय असतो. त्यानंतर नायलॉनच्या ब्रशने पेटीची आतली बाजू घासावी, निघालेला मळ सुती कापडाच्या पट्टीने पुसून घ्यावा आणि थर फारच चिकट असेल तेव्हाच कापडाला थोडेसे विरघळवणारे द्रव लावावे. निघणाऱ्या मळात शिसे असल्याने हे काम स्वयंपाकघरात करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक यानंतर घडते, आणि ती म्हणजे तेल. यंत्राला तेल हवेच, या समजुतीने मॅगझिनच्या आत तेल सोडले जाते. परंतु मॅगझिन हे फिरणाऱ्या चाकांचे यंत्र नसून काडतुसांची पेटी आहे, आणि तिच्यातले तेल धूळ व न जळलेल्या दारूचे कण धरून ठेवते, शिवाय काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेट घेणाऱ्या टोपीत झिरपून ते काडतूस निकामी करण्याचीही शक्यता असते. आतला भाग पूर्ण कोरडा आणि बाहेरच्या पोलादावर तेलाने ओलसर झालेल्या कापडाचा एक हात, एवढेच वंगण मॅगझिनला पुरते.

पॉलिशचा प्रश्न मात्र स्वच्छतेहून अगदी वेगळा आहे. मराठीत शस्त्र उजळण्याला 'शिकल करणे' म्हणतात आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे ते शिकलगार. पण त्यांच्या हातात तलवारीचे किंवा कट्यारीचे भरीव पाते असे, ज्याचा वरचा अंश घासून गेला तरी खाली तेच पोलाद उरत असे. मॅगझिनचा पत्रा पातळ असतो आणि त्याचा निळसर-काळा रंग हा रंगलेप नसून 'ब्लूइंग' या प्रक्रियेने पोलादाच्याच पृष्ठभागावर घडवलेला मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तांबडा गंज भुसभुशीत असून ओलावा धरतो, तर हा काळा थर घट्ट चिकटून बसतो, तेल धरून ठेवतो आणि गंजाचा वेग मंदावतो. भांडी चमकवण्याच्या मलमात जी बारीक खर असते ती हाच थर खरवडून काढते, आणि जे पोलाद चकाकते ते उघडे पडलेले पोलाद असते. निकेलचा मुलामा दिलेल्या पेटीवरही अशी खर चालवली तर मुलामा विरत जातो. केवळ स्टेनलेस स्टीलच्या, मुलामा नसलेल्या पेटीची बाहेरची बाजू उजळण्यात फारसे नुकसान नसते.

कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पोलादाला गंज चढायला एक रात्र पुरते, आणि घामातले मीठ बोटांच्या ठशांच्या आकारातच तो उमटवते. चामड्याच्या म्यानात मॅगझिन महिनोन्‌महिने ठेवणेही तितकेच घातक, कारण चामडे ओलावा शोषते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला लागतात. खंडेनवमीला शस्त्रांवर ओले गंध आणि हळदकुंकू वाहिले जाते. पूजा झाल्यावर त्याच दिवशी ते पुसून काढणे हा शस्त्राच्या सन्मानाचाच भाग मानला पाहिजे.

पॉलिशविषयी सावध राहण्याचे आणखी एक कारण भारताच्याच भूमीवर उमगले. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यात साठवून ठेवत, आणि पावसाळा सरल्यावर त्यांतील अनेक काडतुसांच्या पितळी नळ्या, विशेषतः गोळी आवळून बसवलेल्या तोंडाशी, तडकलेल्या आढळत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याची उकल केली: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ थंड अवस्थेत ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने धातू तडकत होता, आणि नळ्या योग्य प्रमाणात तापवून तो ताण सैल करणे हा त्यावरचा उपाय ठरला. पितळ उजळण्याच्या काही पॉलिशांमध्ये आजही अमोनिया असतो. असे पॉलिश मॅगझिनच्या कोपऱ्यात राहून गेले, तर त्याचा संबंध थेट काडतुसाच्या पितळाशी येतो, म्हणून ते या कामात मुळीच वापरू नये.

जुन्या मॅगझिनच्या बाबतीत तर पॉलिश म्हणजे पुराव्याचा नाशच. १९११ च्या पिस्तुलाच्या आरंभीच्या मॅगझिनचा वरचा भाग वेगळा कठीण केला जाई, म्हणून तो फिकट आणि खालचा भाग गडद दिसतो. हा दुरंगीपणा न ओळखणारा माणूस ती पेटी 'डागाळलेली' समजून एकसारखी घासून टाकतो आणि तिच्या वयाची खूण पुसून बसतो. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाच्या मॅगझिनच्या बुडावर त्या पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला असे, आणि सोबतच्या दुसऱ्या मॅगझिनवर त्याच क्रमांकाजवळ अधिकचे चिन्ह असे. पिस्तूल आणि मॅगझिन जन्मापासून एकत्र आहेत हे त्यावरून कळते. अशी पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याने हातमोजे घालून ती मऊ कापडाने पुसावी, तांबडा गंज दिसला तर तेलाचा थेंब टाकून तो पोलादाहून मऊ अशा पितळी पट्टीने हलकेच उचलावा आणि तिथेच थांबावे, कारण लुगरच्या बुडावरचा तो क्रमांक एकदा घासून गेला की ती पेटी कोणत्या पिस्तुलाची होती हे कोणालाच सांगता येत नाही.