क्लचचा पाय

रात्री माझ्या अंथरुणात टोमॅटोचं एक रिकामं क्रेट असतं. आडवं ठेवलेलं, तोंड माझ्या बाजूला. डावा पाय त्यात सरकवायचा आणि वरून गोधडी घ्यायची. गोधडीची नुसती कड अंगठ्याला लागली तरी तापलेल्या सायलेन्सरला पाय टेकल्यासारखं होतं. पण पांघरूण टाकून देऊन चालत नाही. आमच्या निफाड तालुक्याचा पारा हिवाळ्यात पार खाली गेला की पेपरात बातमी येते, आणि गारठा लागला की तोच पाय आतून करवतल्यासारखा होतो. दोन हिवाळे मी उशीला टेकून बसून काढले. तिसऱ्या हिवाळ्यात एका रात्री बायको उठली, ओसरीतलं क्रेट घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, पाय ह्याच्यात ठेवून बघा." त्या रात्री मी चार तास सलग झोपलो.

मी बावीस वर्षं स्वतःचा ट्रक चालवला. लासलगावचा कांदा भरायचा, रात्री निघायचं, कसारा घाट उतरून पहाटे वाशीच्या बाजारात खाली करायचा. इंजिनाचं बॉनेट डाव्या हाताला केबिनमध्येच, त्यामुळे डाव्या पोटरीला कायम धग लागायची. क्लचचाही पाय तोच. पुढे पाय जळायला लागला तेव्हा बरेच दिवस मला ती इंजिनाचीच ऊब वाटली.

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी. गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर मऊ. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारून निघणाऱ्या नसेच्या मुळावर बसतो. सगळ्यात खालच्या दोन गाद्यांवर भार जास्त, त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा तिथेच. ह्या मुळांची मिळून शरीरातली सगळ्यात जाड नस बनते, बोटाएवढी. ती ढुंगणातून मांडीच्या मागून खाली जाते. म्हणून दुखणं कमरेत आणि कळ पायात. सायटिका म्हणतात ते हेच. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात.

माझी चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी गेली. मी चौदा महिने अंगावर काढलं. पट्टा बांधला, तेल लावून घेतलं, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाल्ल्या. हंगाम चालू असताना गाडी उभी करायची माझी तयारी नव्हती. मग एक दिवस मार्केटच्या आवारात मागून हमाल ओरडला, "नाना, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. ते चौदा महिने मला अजून खुपतात. दाबाखाली फार दिवस राहिलेली नस दाब काढल्यावरही पूर्ण सुधारेलच असं नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

ऑपरेशन 2018 च्या ऑगस्टमध्ये झालं. पाठीला लहानशी चीर देऊन, दुर्बिणीतून बघत गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला. शुद्धीवर आलो तर पायातली वीज गायब! बहुतेक लोकांना ह्या ऑपरेशनने आराम पडतो, हे मुद्दाम सांगतो, माझी गोष्ट वाचून कोणी घाबरून घरी बसू नये. माझं मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं, आणि हे दुखणं वेगळं होतं. आधीची कळ वाकलं, शिंकलं की यायची. आता नडगीच्या बाहेरच्या अंगानं, पावलाच्या वरून थेट अंगठ्यापर्यंत आग. बसलं तरी, झोपलं तरी.

पुन्हा एमआरआय काढला. जुन्या जागी थोडा वण धरला होता, पण नस कुठे दबलेली दिसत नव्हती. "रिपोर्ट चांगला आहे, आता मनातून काढून टाका," असं मला सांगण्यात आलं. इतकं लागलेलं वाक्य माझ्या आयुष्यात दुसरं नाही. पुढे पाहुण्यारावळ्यांतही तेच. पाय तुटला असता तर प्लॅस्टर दिसलं असतं. लग्नात पंगतीत खाली न बसता मी खांबाला टेकून उभा राहिलो, की चार लोक बघायचे आणि एक तरी म्हणायचा, "चांगला तर दिसतोस."

नाशिकला एका पेन क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी मला पहिल्यांदा चड्डीवर झोपवून नीट तपासलं. कापसाची वात करून पायावरून फिरवली, मग टाचणीचं टोक, मग गार पाण्याची बाटली. जिथे स्पर्श कळत नव्हता तिथे निळ्या बॉलपेनने टिंबं काढली, जिथे नुसता कापूसही भाजत होता तिथे रेघा. दहा मिनिटांत माझ्या पायावर नकाशा तयार झाला. नडगी, पाऊल, अंगठा. बरोबर त्या एका नसेचं गाव. मॅडम म्हणाल्या, "हे मनाचं असतं, तर इतकी नेमकी हद्द आखली गेली नसती." मी पाय धुतला नाही. घरी जाऊन बायकोला आणि मुलाला दाखवला.

मग त्यांनी जे समजावलं ते मी गाडीवाल्याच्या भाषेत सांगतो. ऑइल कमी झालं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ऑइल भरलं की विझायला हवा. पण वायरच सोलली असेल तर ऑइल भरलेलं असूनही दिवा लागलेलाच राहतो. इंजिन ठीक, दिवाही खरा. माझी गादी दुरुस्त झाली होती, पण नस स्वतः जखमी झाली होती आणि आता कारण नसताना सांगावे धाडत होती. वर्षभर तसे सांगावे ऐकून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूही हळवे होतात, साध्या स्पर्शालाही दुखणं समजतात. वैद्यकात ह्याला फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम म्हणत आले. फेल्ड म्हणजे नापास. रोगी नापास की सर्जन, असा अर्थ त्यातून निघतो. 2021 मध्ये तज्ज्ञांनी त्याऐवजी पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम हे नाव सुचवलं. ते मला बरं वाटतं.

त्यांच्याकडूनच कळलं की अमेरिकेतल्या यादवी युद्धात वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी नसेला गोळी लागलेल्या सैनिकांची अशीच आग लिहून ठेवली आहे. कोरडा स्पर्श सोसवेना म्हणून ते सैनिक जळता हात सतत ओला ठेवत, बुटात पाणी ओतून घेत. मी उन्हाळ्यात पावलावर ओला पंचा टाकून बसतो. दीडशे वर्षांपूर्वीची ती माणसं मला शेजारच्या खाटेवरची वाटली.

ह्या दुखण्याला नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, आणि त्या रोज खाल्ल्याने पोट आणि किडनी मात्र बिघडू शकते. मला प्रेगाबालिन आणि रात्री नॉर्ट्रिप्टिलिन दिलं. पहिलं मुळात फिटच्या आजारावरचं, दुसरं नैराश्यावरचं. पण दोन्ही नसांचा गोंगाट कमी करतात. थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं, आणि मनाने एकदम बंद करायचं नाही. आग दहापैकी आठावर असायची, ती पाचावर आली. त्याची किंमत म्हणजे गुंगी. गोळी घेऊन रात्री घाट उतरणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचाही जीव घेणं. 2020 मध्ये मी गाडी विकली. नवीन मालक चावी घेऊन गेला तेव्हा मी घरात होतो, बाहेर आलो नाही.

पाठीत तार बसवून मज्जारज्जूला हलका करंट देण्याचा उपायही मॅडमनी सांगितला. माणसावर तो पहिल्यांदा 1967 मध्ये झाला. आधी काही दिवस तात्पुरती तार घालून बघतात, उपयोग झाला तरच कायमची बसवतात. खर्च लाखांत. मुलीचं शिक्षण चालू आहे, मी थांबलो आहे.

गोळ्यांपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो फिजिओथेरपिस्टनी लावलेल्या एका सवयीचा. बरं वाटलं त्या दिवशी मी सगळी कामं उरकायचो. दिवाळीला माळा झाडला, पोती हलवली, आणि पुढचे सहा दिवस पडून. त्यांनी सांगितलं, दुखायच्या आत थांबायचं, आणि वाईट दिवशीही थोडं करायचं. आधी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत चाललो, आठवडाभर तेवढंच. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. आता रोज दोन किलोमीटर होतात. दुखतं, पण त्यानं काही मोडत नाही, एवढं आता मला कळतं.

सध्या मार्केटजवळ गाड्यांच्या बुकिंगचं काम बघतो. टेबलावर घड्याळ ठेवलंय, वीस मिनिटं झाली की उठतो. पलीकडचे व्यापारी आता विचारत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात पंचविशीतला एक ड्रायव्हर भाडं विचारायला आला. कमरेला पट्टा, लंगडत होता. म्हणाला, दोन महिने झाले, सीझन संपला की दाखवतो. मी त्याला स्टुलावर बसवलं, चप्पल काढायला लावली आणि म्हटलं, दोन्ही पायांचे अंगठे वर उचल. उजवा उचलला गेला, डावा जागेवर थरथरला. मग विचारलं, लघवीला त्रास? बसायची जागा बधीर? दोन्हीला नाही म्हणाला. ती दोन लक्षणं असली तर एक रात्रही थांबायचं नसतं, मणक्याच्या दुखण्यात ती सगळ्यात मोठी धोक्याची खूण. पण अंगठाही थांबण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, "नाना, माल भरलाय." मी त्याच्या घरचा नंबर घेतला आणि फोन लावला.

दुपारच्या गाडीनं तो नाशिकला गेला. कांदा त्याच्या चुलतभावानं वाशीला पोचवला.