काळ्या थराखालचे लाकूड

आजोबांच्या वेळची सागवानी खुर्ची काळीकुट्ट दिसू लागली, की घरात कुणीतरी म्हणते, 'सुताराला बोलावून घासून घ्या.' मला या वाक्याची धास्ती वाटते. काळे पडलेले असते ते बहुधा लाकूड नव्हे, वरचे पॉलिश. त्यात पन्नास-साठ वर्षांची धूळ, हातांचा तेलकटपणा, उदबत्तीचा आणि स्टोव्हचा धूर मुरलेला असतो. मशीनने घासले तर त्याच्याबरोबर उन्हाउजेडाने रंग धरलेला लाकडाचा वरचा थरही जातो, आणि तो परत आणता येत नाही.

म्हणून मी आधी नुसते पुसतो. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, घट्ट पिळलेले फडके, मागोमाग कोरडे फडके. मेण साचलेले असेल तर टर्पेंटाइन. पुष्कळदा काम इथेच संपते!

नाही संपले, तर बैठकीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकावा. मिनिटभरात चिकट झाले तर ती चपडी, म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेला हा पदार्थ स्पिरिटमध्ये विरघळतो, टर्पेंटाइनमध्ये नाही. आपल्याकडचे जुने फ्रेंच पॉलिश याचेच. काहीच झाले नाही, तर वर तेलाचे व्हार्निश किंवा नंतर कुणी मारलेले पॉलियुरेथेन असणार. तिथे स्पिरिट वाया घालवू नये.

चपडी असेल तर एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्यावी. स्पिरिटचे फडके दोन-तीन मिनिटे ठेवून मऊ झालेला थर बोथट लाकडी पट्टीने रेषांच्या दिशेने ओढावा. नक्षीत जुना टूथब्रश. फडके सारखे बदलावे, नाहीतर काढलेला मळ आपणच पुन्हा पसरवतो. थर चांगला असेल तर मी तो काढतही नाही. स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश फिरवून तीच चपडी सारखी करून घेतो. मला ही रीत सर्वांत आवडते.

स्पिरिट लगेच पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस आणि देवघरातले निरांजन बंद. कॉस्टिक सोडा मात्र नकोच. त्याने सागवान आणखी काळवंडते, सरसाचे सांधे सुटतात. बाजारातल्या काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. मृत्यू झाल्यावर अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची ग्राहकांना विक्री बंद केली. फर्निचरवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडे घासू नका. त्यात शिसे असू शकते, आणि ती धूळ रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ मध्ये.

नव्या चपडीचे हात पातळ द्यावेत, मलमलीत बांधलेल्या कापसाच्या पुरचुंडीने. वर गरम कप ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते. ते ताजे असेल तर स्पिरिटचा हलका हात पुरतो.